पेशीअंगकं तोंडपाठ आहेत, पण प्रश्न फिरवला की अडतं

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा : मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता कराडला अकरावी सायन्स. पेशीअंगकांची (पेशीच्या आतल्या छोट्या भागांची) नावं आणि कामं धडाधड म्हणून दाखवते, पण पेपरात प्रश्न जरा वळवून आला की अडते. कॉलेजात एकदा मायक्रोस्कोपखाली कांद्याची साल दाखवली, त्यात केंद्रकाशिवाय काही दिसलं नाही. तेव्हापासून ती विचारते, "बाबा, हे बाकीचं सगळं खरंच आत असतं का?" म्हणून घरी मायक्रोस्कोप घेऊन द्यावा का, आणि घेतला तर त्यात मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारं अंगक) दिसेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, अठ्ठावीस वर्षं झाली. आधी सरळ उत्तर देते. मायक्रोस्कोप घ्यायला हरकत नाही, पण मायटोकॉन्ड्रिया दिसणार नाही. आणि दिसला असता तरी तिची पेपरातली अडचण सुटली नसती, कारण ती अडचण डोळ्यांची नाहीच. तिचा "खरंच असतं का" हा प्रश्न मात्र फार चांगला आहे, तो दाबू नका. इटलीत कॅमिलो गॉल्गी यांनी १८९८ साली घुबडाच्या मेंदूतल्या पेशींना चांदीच्या क्षाराने रंगवलं, तेव्हा आत काळी जाळी दिसली. तेच आजचं गॉल्गी संकुल. ती जाळी खरी की रंगानेच तयार झालेला डाग, यावर शास्त्रज्ञ जवळजवळ पन्नास वर्षं भांडत होते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली (तो प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनने बघतो) पेशी बघता आल्या तेव्हा वाद मिटला. तुमची लेक त्याच रांगेत उभी आहे.

का दिसत नाही, ते आधी बघू. कॉलेजात साधारण १० च्या आयपीसखाली ४० चं ऑब्जेक्टिव्ह लावतात, म्हणजे ४०० पट. पण मोठं दिसणं वेगळं आणि सुटं दिसणं वेगळं. प्रकाश ही लाट आहे. दोन ठिपके फारच जवळ असले की तिला ते दोन आहेत हे कळतच नाही. हातावर गोधडी गुंडाळून मोहरीचे दाणे चाचपायला गेलं तर जे होईल, ते. ४० च्या ऑब्जेक्टिव्हची हद्द साधारण अर्ध्या मायक्रोमीटरला संपते (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि साध्या प्रकाशावर चालणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या मायक्रोस्कोपची ०.२ ला. तंतुकणिकेची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची, जाडीच अर्धा ते एक मायक्रोमीटर. म्हणजे ती बरोबर उंबरठ्यावर, आणि वर पुन्हा रंगहीन. प्रथिनं बनवणारा रायबोझोम तर २५-३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), उंबरठ्याच्या पार पलीकडे. खेळण्यांच्या दुकानातल्या डब्यावर "१२०० पट" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तेवढं मोठं दिसेलही, पण मोठा दिसेल तो धूसरपणा.

जॅनस ग्रीन बी नावाचा रंग आहे. तो जिवंत पेशीला लावून १०० च्या ऑइल इमर्शन ऑब्जेक्टिव्हखाली पाहिलं, तर गालाच्या पेशीत निळसर-हिरवे बारीक ठिपके दिसतात. ते मायटोकॉन्ड्रिया. मी दरवर्षी दोन-तीन हौशी मुलांना हे करून दाखवते, आणि दरवर्षी एकाचा तरी चेहरा पडतो : "मॅडम, एवढंच?" पुस्तकातलं ते नारिंगी, आत घड्या पडलेलं, वालाच्या दाण्यासारखं चित्र त्याच्या डोक्यात असतं ना.

माझ्या मते गोंधळाचं मूळ त्या चित्रातच आहे. ते खोटं नाही, पण ते कापाचं चित्र आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी पेशीचे काप काढतात ते मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही पातळ. अळूवडी डोळ्यांसमोर आणा. ज्याने आयुष्यात फक्त अळूवडीचे तळलेले कापच पाहिलेत, तो म्हणेल अळू म्हणजे एक चक्राकार रेघ. एवढं मोठं पान पसरून, बेसन लावून, गुंडाळून, उकडून मग कापलंय, हे त्याला कापावरून कसं कळणार? आंतर्द्रव्यजालिकेचं, म्हणजे एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलमचं, तसंच होतं. पुस्तकात केंद्रकाच्या बाजूला चार-पाच सुट्या रेघा दिसतात. प्रत्यक्षात ती सलग पसरलेली, घड्या घातलेली एकच पोकळ चादर आणि नळ्यांचं जाळं असतं. मायटोकॉन्ड्रियाचा "वालाचा दाणा" हाही बहुतेक वेळा लांब दोऱ्याचा आडवा काप असतो. जिवंत पेशीत ते दोरे हलतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा तुटतात.

मराठी माध्यमातून आल्याचा इथे फायदा आहे, हे मुलीला आवर्जून सांगा. आठवीत शिकलेली नावं अकरावीत टाकून द्यायची आणि इंग्रजी नावं नव्याने घोकायची, असं बहुतेक मुलं करतात. टाकू नका. "तंतुकणिका" या नावात तंतूही आहे आणि कणही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नेमका तोच, आणि नाव ठेवणाऱ्याने १८९८ साली जे पाहिलं तेही तेच. "लयकारिका" म्हणजे लय करणारी, विरघळवून टाकणारी. इंग्रजी लायसोसोम ऐकून काही बोध होत नाही, मराठीत काम नावातच आहे. फक्त "रिक्तिका" या नावाने घोटाळा केलाय. व्हॅक्युओलचाही मूळ अर्थ रिकामा असाच, म्हणून आपण रिक्तिका म्हणालो, आणि पोरं पेपरात लिहितात "पेशीतील रिकामी जागा". वनस्पतीच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत ऐंशी-नव्वद टक्के जागा ती रिक्तिका खाते, आणि ती गच्च भरलेली असते. उसाची साखर कुठे असते? कांड्यातल्या पेशींच्या रिक्तिकांत. तुमच्या-आमच्या जिल्ह्यातले सगळे साखर कारखाने गळीत हंगामभर दुसरं काही करत नाहीत, रिक्तिका फोडतात.

तिला माप कळावं म्हणून मी वर्गात करते ती युक्ती सांगते. यकृताची एक पेशी घ्या, साधारण २० मायक्रोमीटरची, आणि ती दहा लाख पट फुगवा. झालं २० मीटरचं मंगल कार्यालय. आता आत बघा. केंद्रक म्हणजे सहा-सात मीटरचं, अख्खं स्टेजच. त्यात दोन मिलिमीटर जाडीची सुतळी कोंबलीय, तुकड्यातुकड्यांची, पण एकूण लांबी सुमारे २,००० किलोमीटर. सांगलीहून दिल्ली ओलांडून पुढे जाईल एवढी. तो डीएनए. तंतुकणिका म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांच्या वळकट्या, अर्धा ते एक मीटर जाड, हजार-दोन हजार. गॉल्गी संकुल म्हणजे पत्रावळ्यांच्या चवडी. रायबोझोम आवळ्याएवढे, लाखोंनी, काही मोकळे आणि बरेचसे त्या घडीच्या चादरीला चिकटलेले. ग्लुकोजचा रेणू मोहरीएवढा. आणि ज्या पटलांबद्दल (पेशीभोवतीच्या आणि अंगकांभोवतीच्या पातळ पडद्यांबद्दल) इतकं बोललं जातं ती फक्त सात-आठ मिलिमीटरची, प्लायवुडच्या फळीएवढी. यात मोकळी हवा कुठेच नाही. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळताना जी दाटी असते ना, तशी प्रथिनांची दाटी उरलेल्या जागेत.

एवढ्या दाटीत पेशीने या फळ्या कशासाठी घातल्या असतील? हा एक प्रश्न तिने मनात धरला तर निम्मं पाठांतर गळून पडेल. आपण शिकवतो "ऊर्जेचं केंद्र", "आत्मघाती पिशवी", "वाहतूक व्यवस्था". ही बिरुदं आहेत, लग्नपत्रिकेतल्या नावापुढे असतात तशी. मी मुलांना एवढंच सांगते की अंगक म्हणजे वेगळी खोली. प्रत्येक खोलीबद्दल विचारायचं : आत काय कोंडलंय, ते कशापासून लांब ठेवलंय, आणि मधली भिंत पडली तर काय होईल?

साधं उदाहरण घरातलं. आपलं कृष्णाकाठचं वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं. फेनॉल गटातली रसायनं त्या पेशीच्या रिक्तिकेत असतात, आणि त्यांना काळं करणारं एन्झाइम असतं लवकांत, म्हणजे रंग किंवा पीठ साठवणाऱ्या अंगकांत. वांगं अख्खं असतं तोवर दोघांची भेट होत नाही. सुरीने भिंती फोडल्या, हवेतला ऑक्सिजन मिळाला, की काळेपणा. तुमच्या घरी फोडी पाण्यात टाकतात त्या एवढ्याचसाठी, हवा तोडायला. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं तेही याच जातीचं : एन्झाइम रिक्तिकेत, कच्चा माल बाहेर पेशीद्रवात. अख्खा कांदा नाकाशी धरून बघा, डोळे झोंबत नाहीत.

दुसरं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण ते मला पुस्तकाच्या आधी गोठ्यात भेटलं. माझं माहेर जत तालुक्यातलं. नववीत होते. त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपायला लागली. दुपारी गाय दावं तोडून त्या कोवळ्या ज्वारीत शिरली. अर्ध्या तासात ती लटपटायला लागली, तोंडाला फेस, धाप अशी की बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. जुन्या माणसांना लगेच कळलं. पाणी न मिळालेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे जनावराला घालायचे नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नशीब, जनावरांचे डॉक्टर शेजारच्या वस्तीवर आलेले होते. त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली तेव्हा रक्ताचे दोन थेंब बाहेर आले, आणि ते म्हणाले, "बघा, शिरेतलं रक्त असून लालभडक आहे." मग थायोसल्फेटचं इंजेक्शन दिलं. गाय वाचली. पण ते "शिरेतलं असून लालभडक" माझ्या डोक्यात अडकलं ते एमएस्सीपर्यंत.

तेव्हा कळलं ते असं. ज्वारीच्या पानाच्या वरच्या कातडीतल्या पेशींच्या रिक्तिकांत धुरिन नावाचं रसायन असतं. ते एकटं असताना कुणाचं काही बिघडवत नाही. ते फोडणारं एन्झाइम आतल्या हिरव्या पेशींच्या हरितलवकांत असतं. एक वरच्या मजल्यावर कुलपात, दुसरं खालच्या मजल्यावर कुलपात. वारा आला, ऊन तापलं, काही होत नाही. गाईने चावलं की दोन्ही कुलपं एकदम फुटतात, धुरिनचं विघटन होतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. हे ज्वारीने स्वतःच्या रक्षणासाठी केलेलं आहे. कोवळेपणी खाल्लं जाण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून तेव्हा धुरिनही जास्त. वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी होतो.

आता गोष्ट गाईच्या पेशीत येते. सायनाइड रक्तातून तिच्या तंतुकणिकांपर्यंत पोचतं. तंतुकणिकेच्या आतल्या, घड्या पडलेल्या पटलावर प्रथिनांची एक साखळी असते. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन तीवरून हातोहात पुढे जातात, आणि शेवटच्या प्रथिनापाशी ऑक्सिजन त्यांना घेतो, पाणी तयार होतं. सायनाइड नेमकं त्या शेवटच्या प्रथिनाला चिकटतं. दारातच गाडी आडवी लावल्यासारखं. मागची सगळी रांग थांबते, एटीपी (पेशी ज्यातून ऊर्जा वापरते तो रेणू) तयार होणं थांबतं. गाईच्या फुप्फुसात हवा आहे, रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, पण तो वापरायला कुणी नाही. म्हणून ती धापा टाकते, आणि म्हणूनच ऑक्सिजन न उतरवताच परत निघालेलं शिरेतलं रक्त लालभडक राहतं.

रिक्तिका, हरितलवक, तंतुकणिका ही तीन अंगकं एका गोष्टीत आली, आणि एकाचंही काम पाठ करावं लागलं नाही. तुमच्या मुलीला हीच गोष्ट तिच्या शब्दांत कागदावर लिहायला सांगा, चित्रासकट. जिथे पेन अडेल तिथे पुस्तक उघडायचं, आधी नाही.

फिरवलेले प्रश्न म्हणतात तेही याच तऱ्हेने सोडवायचे. "प्रौढ तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसते, तर तिला ऊर्जा कुठून?" असा प्रश्न आला की पाठांतरवाली मुलं थिजतात, कारण ऊर्जा म्हणजे तंतुकणिका असं समीकरण डोक्यात बसलेलं. विचार करायचा : या पेशीचं काम ऑक्सिजन वाहून नेण्याचं. वाटेत तोच खाणारा गडी गाडीत बसवून कसं चालेल? म्हणून तिने तंतुकणिका टाकल्या, केंद्रकही टाकलं, जागा हिमोग्लोबिनला दिली. ग्लुकोज अर्धवट फोडण्याचं पहिलं काम पेशीद्रवातच होतं, तेवढ्या तुटपुंज्या एटीपीवर ती सुमारे १२० दिवस काढते. दुरुस्तीचं सामान आत नाही, म्हणून त्यापुढे टिकत नाही. एका प्रश्नात तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली.

किंवा : "स्वादुपिंडाच्या पेशीत कोणतं अंगक भरपूर असेल?" ती पेशी दिवसभर पाचक एन्झाइम करून बाहेर पाठवते. बाहेर जाणारं प्रथिन चादरीला चिकटलेल्या रायबोझोमवर बनतं, चादरीच्या आत शिरतं, तिथून गॉल्गीत, मग पिशवीत, मग पेशीबाहेर. म्हणजे खडबडीत आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी. जॉर्ज पॅलाडे यांनी हा रस्ता गिनीपिगच्या स्वादुपिंडावरच शोधला. किरणोत्सारी अमिनो आम्ल थोडा वेळ दिलं आणि ते कधी कुठे पोचतं ते टिपत गेले. १९७४ चं नोबेल त्यांना, आल्बर्ट क्लॉड आणि लयकारिका शोधणाऱ्या क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांना मिळून होतं. आता विचारा, ही पाचक एन्झाइमं पिशवीत का कोंडलेली, मोकळी का नाहीत? भिंत पडली तर काय होईल? पेशी स्वतःलाच पचवेल. लयकारिकेचंही तेच. "आत्मघाती पिशवी" हे नाव भयंकर आहे, पण रोजचं काम साधं आहे, जुनी मोडकी अंगकं पचवून सुटे भाग परत द्यायचे. भंगारवाला म्हणा हवं तर.

रायबोझोमबद्दल मुलांना फार रुक्ष वाटतं, म्हणून औषधाच्या गोळीपासून सुरुवात करते. कृष्णेचा पूर ओसरला की लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ती जिवाणूच्या रायबोझोमला जाऊन बसते आणि त्याचं प्रथिन बनवणं बंद पाडते. ॲझिथ्रोमायसिनही रायबोझोमवरच, फक्त जागा वेगळी. आपल्या पेशीत लाखो रायबोझोम असून आपण मरत नाही, कारण आपले ८० एस जातीचे, जिवाणूंचे ७० एस (एस हे रायबोझोम द्रवात किती वेगाने खाली बसतो त्याचं माप). रायबोझोमची नेमकी रचना उलगडल्याबद्दल वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली दोघांबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच कामाचं. मग मुलांना पुढचा खडा टाकते : काही अँटिबायोटिक्स जास्त दिवस दिली तर तंतुकणिकांना का त्रास होतो? कारण तंतुकणिकेत स्वतःचे रायबोझोम असतात आणि ते जिवाणूंच्या नात्यातले. स्वतःचा गोल डीएनएही असतो, माणसात १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा. कधीकाळी एका पेशीने गिळलेला जिवाणू पचलाच नाही, घरातलाच होऊन राहिला. हे लिन मार्गुलिस यांनी १९६७ साली जोरकसपणे मांडलं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती.

आता मायक्रोस्कोपकडे परत येते. घ्यावा की नाही, हे तिच्यावर आणि तुमच्यावर आहे. फक्त नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे मार्क हवे असतील तर ते पैसे जुन्या प्रश्नपत्रिकांवर घाला, खोटं कशाला बोलू. तिला हाताने काही करत बसायला आवडत असेल तर घ्या, पण ४०० पटीचा साधा, धातूच्या अंगाचा, खालून प्रकाश देणारा. फार खर्च नको असेल तर फोल्डस्कोप नावाचा कागदी घडीचा मायक्रोस्कोप मिळतो, साधारण १४० पट, मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये जगापुढे मांडलेला. त्यात हरितलवकं चांगली दिसतात. मोबाइलचा कॅमेरा आयपीसवर धरून फोटो काढायला शिकवा, चित्र काढताना उपयोग होतो.

कॉलेजात कांद्याची साल दाखवली ती बहुतेक आतली पांढरी, कारण ती सहज निघते. तुम्ही घरी लाल कांदा घ्या आणि पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा काढा. तो हट्टी असतो, ब्लेडने चौकोन आखून चिमट्याने ओढावा लागतो, पहिले तीन-चार फाटतात. पाण्याच्या थेंबात ठेवून बघितलं की विटांसारख्या पेशी, आणि बऱ्याच पेशी काठोकाठ जांभळ्या. तो जांभळा रंग म्हणजे रिक्तिका. रिकामी जागा कशी भरलेली असते, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा, त्याचा एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावा. आयपीसवरून डोळा हलवू देऊ नका. मिनिट-दोन मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांपासून सुटायला लागतो, आत आत सरकतो, गडद होत जातो, आणि शेवटी पारदर्शक विटेच्या मधोमध एक जांभळा गोळा उरतो. विट म्हणजे पेशीभित्तिका, ती जागेवरच. आत ओढलेली कड म्हणजे प्रद्रव्यपटल, पेशीचं बाहेरचं पटल. सात-आठ नॅनोमीटरचं पटल कुणालाच असं दिसत नाही, पण ते कुठे आहे हे दिसतं. लगेच साधं पाणी सोडलं तर पुष्कळ पेशी परत भरतात. भिंतीचं काम काय, पटलाचं काय, रिक्तिकेचं काय, हे मी कितीही ओरडून सांगितलं तरी या पाच मिनिटांची सर येत नाही.

लवकांसाठी मिरची. हिरव्या मिरचीच्या आतल्या गराचा पातळ काप बघा, हिरवे कण दिसतील. तीच जात पिकून लाल झाल्यावर बघा, लाल-नारिंगी कण. नवीन अंगक आलेलं नाही, हरितलवकानेच धंदा बदललाय. उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो तिथे उलट दिशेने, पिठाचं कोठार हिरवं होतं. पिकलेल्या केळ्याचा गर टोकभर घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकला की उरलेले पिठाचे कण निळे दिसतात. जेवढं केळं पिकलेलं, तेवढे कण कमी.

आणि हायड्रिला विसरू नका. मासे विकणाऱ्या दुकानात ॲक्वेरियमसाठी मिळते, विहिरीत-तळ्यातही असते. टोकाजवळचं कोवळं पान अख्खंच स्लाइडवर ठेवायचं, कापायची गरज नाही, पान दोनच पेशी जाड असतं. कोमट पाण्यात ठेवून दिव्याच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग ४०० पटीत पानाच्या मधल्या शिरेजवळच्या लांब पेशी बघा. आधी हिरवे गोल नुसते बसलेले दिसतात. डोळा सरावला की कळतं, ते सरकतायत. एकामागून एक, पेशीच्या कडेकडेने, सगळे एकाच दिशेने, कोपऱ्यावर वळून परत. मध्ये रिक्तिका अडवून बसलेली असते म्हणून रस्ता कडेचाच. हरितलवकं स्वतः पोहत नाहीत, पेशीद्रवच वाहतं, आतल्या प्रथिनांच्या धाग्यांवरून मोटर-प्रथिनं ते ओढत नेतात. "खरंच आत असतं का" म्हणणारी पोरं इथे गप्प होतात, हे मी दर वर्षी बघते.

पहिल्या दिवशी काही फिरताना दिसलं नाही तर पान बदला, पाणी थंड आहे का बघा, थोडी वाट बघा. फिरायला लागलं की तिला एकच हिरवा गोल पकडून मोबाइलच्या घड्याळावर त्याची एक फेरी मोजायला सांगा, तीन वेगवेगळ्या पेशींत. आणि पावसाळ्यात मायक्रोस्कोप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकू नका. आमच्याकडे पहिल्याच वर्षी दोन ऑब्जेक्टिव्हच्या भिंगांवर बुरशी बसली होती. सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि पुड्या ओलावल्या की नव्या घाला.